चार बोटं आखूड

४ मार्च

वहिनींचा फोन आला. म्हणतात, "भाऊजी, लाँच परत सुरू करायचं ठरवलंय." चालवणार कोण, असं विचारलं तर म्हणाल्या, "मी." मी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडेच बघत राहिलो. दादाला जाऊन आठ महिने झाले. खाडीच्या या काठावरची माणसं त्या काठाला नेणारं त्याचं ते डबडं तेव्हापासून धक्क्याला बांधून पडलंय. भंगारात घाला आणि आमच्याकडे या राहायला, असं मी दोनदा सुचवून झालं. पण माझं ऐकतील तर त्या वहिनी कसल्या!

त्यात धक्का कार्यालयाचं पत्र. सत्तावीस तारखेला तपासनीस येणार. त्याला बसवून लाँचने स्वतःच्या इंजिनावर पलीकडे जायचं आणि परत यायचं. आली तर फेरीचा परवाना वहिनींच्या नावावर होणार, नाही आली तर परवाना रद्द आणि धक्क्यावरची जागा दुसऱ्या कुणाला तरी. लाँचची तऱ्हा अशी की दहा मिनिटं चालते, खोकते आणि बंद पडते.

एकतीस वर्षं मी तंत्रविद्यालयात डिझेल इंजिन शिकवलं. इंधनव्यवस्था या एका विषयावर माझ्या टिपणांच्या तीन वह्या आहेत, पोरं अजून त्यांच्या झेरॉक्स काढतात. चार दिवसांत उरकून येतो म्हणून बॅग भरली. सौ. म्हणाली, "शिकवता तुम्ही छान. पण मिक्सर दुरुस्त केला होतात, तो आठवतोय ना?" या बाईला पंचवीस वर्षांपूर्वीचा मिक्सर आठवतो. माझा सत्कार झाला तो दिवस मात्र आठवत नाही.

६ मार्च

पोचलो. दोरखंडाच्या दुकानावर दोन खोल्या, त्यातली बाहेरची मला. कपाटात दादाचे शर्ट अजून टांगलेले आहेत. प्रत्येकाच्या खिशाशी काळा डाग. माणसाने आयुष्यभर एक शर्ट धड ठेवला नाही.

लाँच पाहिली. तीस फुटांची, लाकडी, दोन्ही बाजूंना बाकं, मध्ये खोक्याखाली इंजिन आणि मागे फळ्यांखाली कुठेतरी डिझेलची टाकी. कुठेतरी म्हणतो, कारण ती दिसतच नाही. बांधणाऱ्या महाभागाने आधी टाकी ठेवली आणि मग तिच्याभोवती लाँच उभी केली असणार. टाकी काढायची तर इंजिन काढा, इंजिन काढायचं तर छप्पर काढा! असला आनंदी आनंद.

इथला फिटर म्हणजे आणखी एक नमुना. धक्क्यावर सगळे त्याला फुंक्या म्हणतात, कारण तो हातात येईल त्या नळीत फुंकतो. आजही त्याने टाकीकडून येणारी नळी सोडवली, तोंडाला लावली, गाल फुगवून फुंकला, कान देऊन बुडबुड ऐकली, मग डिझेल थुंकून म्हणतो, "टाकीत घाण बसलीय, मास्तर. नळीचं तोंड बुजतंय." नळी जोडली, इंजिन चालू झालं. वहिनी लगेच म्हणाल्या, "मलाही तेच वाटतंय." बारा मिनिटांनी ते बंद पडलं.

मी त्या दोघांना शांतपणे समजावलं की फुंकर मारून रोग कळत नसतो. लक्षणं स्पष्ट आहेत, दोष इंधनपंपात आहे. पहिली वही, पान चाळीस.

१० मार्च

पंप उघडला. खरं सांगायचं तर स्वतःच्या हाताने पंप मी बऱ्याच वर्षांनी उघडला. विद्यालयात उघडायचं काम सहायकाचं असे, मी पट्टीने भाग दाखवत असे. हे इथे लिहायला हरकत नाही, वही माझीच आहे.

उघडताना एक बारीक स्प्रिंग उडाली आणि लाँचच्या तळातल्या काळ्या पाण्यात गेली. स्प्रिंग इतक्या घाईने बाहेर येते हा पंपाच्या रचनेतला दोष आहे. वहिनींनी सुतळीला लोहचुंबक बांधून दोन मिनिटांत ती वर काढली. मग तिला पुसून माझ्यासमोर वर्तमानपत्रावर ठेवली, आणि बाकीचे भाग जसे निघाले तसे ओळीने मांडत गेल्या. बायकांना मांडामांड जमते.

पंपात काहीही बिघाड नाही. तीन दिवस गेले. इतक्या जुन्या इंजिनात इतका चांगला पंप असणं हीच मुळात फसवणूक आहे.

जोडताना वहिनी हळूच म्हणाल्या, "तो वॉशर आधी, भाऊजी." मीही तेच करणार होतो.

१२ मार्च

दोष टाकीत असू शकतो, या निष्कर्षाला मी आलो. रीतसर, एकेक शक्यता बाजूला सारत. फुंक्या "मी म्हटलं होतं" असा चेहरा करून बसला होता. त्याच्यात आणि माझ्यात फरक हा की मला कारण माहीत आहे.

आता टाकीपर्यंत पोचायचं कसं? मी मोजमाप घेतलं, खडूने चौकोन आखला आणि फळ्या कापायला घेतल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मागच्या बाकाखाली बघा ना एकदा." मी म्हटलं, वहिनी, मापं घेतली आहेत, मध्ये बोलू नका. त्यांनी करवत माझ्या हातात दिली. फुंक्या पाण्याकडे बघत बसला.

संध्याकाळपर्यंत हातभर चौकोन कापून काढला. खाली टाकी नाही. खाली मांडीएवढी जाड तुळई. तिच्यावरही माझ्या करवतीची खूण उमटलीय.

१३ मार्च

सकाळी पोचलो तर वहिनींनी मागचं बाक बाजूला केलेलं. त्याखालची एक फळी नुसत्या दोन लाकडी खुंट्यांवर बसवलेली. खुंट्या ओढल्या, फळी उचलली, आणि समोर टाकीचं गोल झाकण, सहा बोल्टचं! दादाने केलं म्हणे, वीस वर्षांपूर्वी.

एवढी साधी गोष्ट आदल्या दिवशी सांगता आली नाही? मी हे बोलून दाखवलं. वहिनी "चुकलंच माझं" म्हणाल्या आणि मी कापलेल्या भोकावर पत्रा ठोकायला गेल्या.

१५ मार्च

झाकण उघडलं. काय तो वास! काय ते दृश्य! डिझेल हातपंपाने पिंपात काढलं. खाली वीतभर जाडीचा काळा, बुळबुळीत थर, हातात घेतला की शेवाळ्यासारखा लोंबतो. आठ महिने डिझेल नुसतं उभं राहिलं की त्यात पाणी सुटतं आणि पाण्यावर ही घाण पोसते. दुसरी वही, पान अकरा. वहिनी खांद्यापर्यंत हात आत घालून चिंध्यांनी पुसत होत्या आणि मी बाहेरून कुठे पुसायचं ते सांगत होतो. अर्धा दिवस गेला. बादल्या भरल्या.

टाकीच्या मध्यावर एक उभा पत्रा आहे, भोकं पाडलेला, डिझेल हिंदकळू नये म्हणून. त्याच्या पलीकडच्या कप्प्यात कुणाचाच हात पोचत नाही. वहिनी म्हणाल्या, "तिकडे राहणारच थोडं." पण पुढचा कप्पा एवढा लख्ख झाल्यावर मागे विशेष काही उरण्याचं कारण मला दिसत नाही.

आणि आता दादाची करामत. झाकणातून खाली जाणारी जी नळी डिझेल ओढून घेते, ती तळापासून तब्बल चार बोटं वर संपते! चार बोटं! मी पट्टी लावून पाहिलं. टाकी निम्मी रिकामी झाली की लाटेवर नळी हवा ओढणार, आणि तळातलं चार बोटं डिझेल कधीच कुणाच्या उपयोगाचं नाही. पुस्तकात अर्धं बोट अंतर दिलंय. हा माणूस वीस वर्षं टाकीत डिझेल साठवून बसला आणि कापलेल्या नळीचं तोंड बघा, करवतीने वेडंवाकडं कापलेलं. मला हसूच आलं.

मी म्हटलं, नवीन नळी करून घेतो. वहिनींचा हात थांबला. म्हणाल्या, "ती तशीच असू द्या, भाऊजी. ह्यांनी मुद्दाम तशी केली होती." मुद्दाम का, विचारलं तर म्हणाल्या, "खाली घाण बसते ना. ती बसू द्यायची, तिला ओढायचं नाही."

मला वाईट वाटलं त्यांचं. नवऱ्याची आठवण म्हणून माणूस शर्ट ठेवतो, घड्याळ ठेवतो. या बाई नळी ठेवतात.

१७ मार्च

डोकं दुखतंय. चहालासुद्धा डिझेलचा वास येतो. काम नाही.

१८ मार्च

वहिनी फिल्टर आणायला बाजारात गेल्या तेवढ्यात काम केलं. पाइपवाल्याकडून तांब्याची नवी नळी करून आणली होती, सरळ, तोंड गुळगुळीत. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तळापासून बरोबर अर्ध्या बोटावर. झाकण लावून सहाही बोल्ट आवळले, फळी ठेवली, बाक ओढलं. जुनी नळी पाण्यात फेकून दिली.

वहिनींना सांगितलं नाही. लपवण्यासारखं काही नाही, पण उगाच रडारड कशाला? काम झाल्यावर सांगता येईल. फुंक्याने पाहिलं. तो म्हणाला, "मास्तर, वहिनींना विचारलंत?" मी म्हटलं, "तू फुंक."

२० मार्च

एक तास! धक्क्याला बांधून इंजिन सलग एक तास चालवलं. खोकलं नाही, अडखळलं नाही. फुंक्या घड्याळाकडे आणि इंजिनाकडे आळीपाळीने बघत होता. मी हाताची घडी घालून उभा होतो. एखाद्याने येऊन विचारावं असं वाटत होतं, पण धक्क्यावर त्या वेळी शहाणं माणूस कुणी नव्हतं.

संध्याकाळी चहा पिताना वहिनी म्हणाल्या, "हे असते तर खूश झाले असते. लाँचमध्ये बसलेल्या प्रत्येकाला सांगायचे, माझा धाकटा इंजिनं शिकवतो." मी मान खाली घातली. दादाला कुठे काय बोलावं कधी कळलंच नाही.

त्याला अभ्यासाची आवडच नव्हती. बाबा आजारी पडले तेव्हा सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि वल्ह्यांची होडी हातात घेतली. मी तेव्हा पाचवीत होतो. वर्गात तो पहिला यायचा, पण ते सगळं पाठांतरावर. मी तंत्रविद्यालयात गेलो आणि तिथेच शिक्षक झालो. त्यात त्याचा हात होता असं लोक म्हणतात. असेल. मी कधी नाही म्हटलेलं नाही.

एकदा तो विद्यालयाच्या बक्षीस समारंभाला न सांगता आला होता. तोच शर्ट, तोच डाग. प्राचार्यांनी विचारलं, हे कोण? मी म्हटलं, आमच्या गावाकडचे ओळखीचे. दादाच्या कानावर गेलं असेल का ते? त्याने कधी विषय काढला नाही. त्यानंतर समारंभाला मात्र आला नाही. फेऱ्या असायच्या, वेळ मिळत नसणार.

२६ मार्च

उद्या चाचणी. वहिनी सकाळपासून लाँच घासतायत. त्यांनी पाच लिटरचा एक डिझेलचा कॅन आणि रबरी नळीचं वेटोळं बाकाखाली ठेवलं. कशाला, विचारलं. "असू द्या, जवळ असलं की बरं." माझ्यावर विश्वास नसल्याची ही जाहिरातच. मी जेवताना मुद्दाम गप्प राहिलो. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

२७ मार्च

जे झालं ते क्रमाने लिहितो.

तपासनीस नऊला आला. चेहरा पाहिला आणि ओळखलं. एकोणीस नंबर! शेवटच्या बाकावर बसून वहीत होड्यांची चित्रं काढायचा. नाव आठवत नाही, नंबर आठवतो. शंभरात एकतीस दिले होते मी त्याला. आता कडक इस्त्रीचा गणवेश घालून, हातात फायली घेऊन मिरवतोय. मला बघून चाचरला. "सर, तुम्ही? मग काय, आज काळजीच नाही." मी म्हटलं, बस.

सुकाणूवर वहिनी, इंजिनाशी फुंक्या, पुढे मी आणि एकोणीस नंबर. धक्का सुटला तेव्हा पाणी सपाट होतं. मध्यावर प्रवाह लागतो आणि समुद्राकडून लाट येते, लाँच कुशीवर डोलायला लागली. एकोणीस नंबरला मी पंपाची रचना समजावून सांगत होतो. इंजिन एकदा खोकलं. मग दोनदा. मग बंद.

अचानक केवढी शांतता! नुसता पाण्याचा आवाज. लाँच प्रवाहाला आडवी झाली आणि वाहत रेल्वे पुलाच्या खांबांकडे सरकायला लागली. सगळे माझ्याकडे बघत होते. मला तिन्ही वह्या पाठ आहेत. एक ओळ आठवेना. मी बॅग उघडली आणि वही शोधायला लागलो, हे मी खरं तेच लिहितोय.

"नांगर," वहिनी म्हणाल्या. फुंक्याने नांगर टाकला. त्या सुकाणू सोडून मागे आल्या, कॅन काढला आणि माझ्या हातात दिला. "छपरावर धरा, भाऊजी. उंच धरा." मी धरला. त्यांनी टाकीकडून येणारी नळी फिल्टरपाशी सोडवली, तिच्या जागी रबरी नळी बसवली, दुसरं टोक कॅनमध्ये टाकलं. मग आत अडकलेली हवा काढायला फिल्टरचा वरचा स्क्रू सैल केला. फसफस करत फेस आला, मग निव्वळ डिझेल आलं. स्क्रू आवळला. पंपाशी तेच. कुठेही घाई नाही, एक पाना तोंडात. मी मात्र कॅनच्या वजनाने दोनदा हात बदलला. "मार," त्या म्हणाल्या. फुंक्याने हँडल मारलं आणि इंजिन लागलं.

पलीकडे गेलो आणि परत आलो. सगळा वेळ मी कॅन धरून उभा होतो.

एकोणीस नंबरने विचारलं, "बंद कशाने पडलं?" मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "जुनी टाकी आहे, साहेब. आठ महिन्यांचा गाळ. भाऊजींनी इतकी साफ करून घेतली, तरी मागे थोडा राहिलाच." एकोणीस नंबरने मान हलवली. म्हणाला, "बंद पडलेली लाँच सहा मिनिटांत भर पाण्यात चालू करणारा चालक मी अजून पाहिला नव्हता. परवाना मिळेल. फक्त गाळाचं बघून घ्या."

वहिनींनी दिलेलं कारण शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. मागच्या कप्प्यात गाळ राहिला होता, लाटेने हलला आणि पुढे आला. त्यात माझ्याकडून भर घालण्यासारखं काही नव्हतं.

घरी येऊन पडलो. वहिनी धक्क्यावरच राहिल्या, लाँच धुऊन येते म्हणाल्या. अंधार पडता पडता आल्या. हात कोपरापर्यंत काळे. आज फार दमल्या असणार, धुवायला एवढा वेळ लागला.

२९ मार्च

दोन दिवस वही उघडली नाही. उघडली की लिहावं लागेल म्हणून.

गाळ मागून पुढे आला, बरोबर. पण पुढे येऊन तो तळाशीच बसला असता. चार बोटं वर असलेल्या नळीच्या तो वाटेलाही गेला नसता. त्याला ओढलं ते माझ्या नळीने. धक्क्याला बांधून एक तास चालली, कारण तिथे लाट नव्हती. हे कुठल्याही पहिल्या वर्षाच्या पोराला समजेल. एकोणीस नंबरलाही समजेल.

एक एप्रिलपासून फेऱ्या सुरू. सकाळची पहिली फेरी पलीकडच्या दवाखान्यात, शाळेत, कामावर जाणाऱ्यांची. भर प्रवाहात, पुलाच्या खांबांपाशी, वीस-पंचवीस माणसं घेऊन ती पुन्हा बंद पडेल. वहिनींना वाटतंय गाळ, आणि गाळ म्हणून त्या फिल्टर बदलत बसतील. नळी लांब झालीय हे त्यांना माहीतच नाही. सांगायला हवं.

सकाळी सांगायला गेलो. तोंडातून निघालं, "आज हवा बरी आहे." दुपारी पुन्हा गेलो. "चहात साखर कमी आहे." एकतीस वर्षं मी रोज पाच तास बोललो. एक वाक्य बाहेर पडेना.

३० मार्च

उपाय सापडला. सांगायची गरजच काय? वहिनी परवाना आणायला कार्यालयात गेल्या होत्या. मी हॅकसॉ पिशवीत घातली आणि धक्क्यावर गेलो. नळी चार बोटं कापायची, झाकण लावायचं, संपलं. कुणाचं नुकसान नाही, कुणाला त्रास नाही.

बाक सरकवलं. खुंट्या ओढल्या. सहा बोल्ट काढले. नळी वर घेतली.

नळी कापलेली होती.

माझीच तांब्याची नळी. चार बोटं आखूड. कापलेलं तोंड कानशीने घासून गुळगुळीत केलेलं, वर नवा वॉशर. मी उकिडवा बसलो होतो, तो खालीच बसलो. धुऊन येते म्हणाल्या होत्या. कोपरापर्यंत काळे हात घेऊन आल्या, आणि मला विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

म्हणजे लाँच बंद पडताच त्यांनी ओळखलं असणार, आणि तपासनिसाला उत्तर दिलं तेव्हा त्यांना माहीत होतं. काल मी साखरेबद्दल बोललो तेव्हा माहीत होतं. फुंक्यालाही माहीत होतं. दोघांनी मिळून मला सांभाळून घेतलं, एखाद्या लहान मुलाने पाणी सांडलं की घरातली माणसं निमूट पुसून घेतात तसं.

मला लाज वाटली. या वहीत मी लोकांबद्दल बरंच काही लिहिलंय, हा शब्द स्वतःबद्दल आज पहिल्यांदा लिहितो. झाकण लावलं, बोल्ट आवळले. हॅकसॉ पिशवीत तशीच होती.

३१ मार्च

आता तर सांगायची गरज खरोखरच उरलेली नाही. नळी बरोबर आहे. लाँच चालेल. वहिनींनी विषय काढलेला नाही आणि काढणारही नाहीत. मी उद्या पहिली फेरी बघून परवाच्या गाडीने घरी जाऊ शकतो. सौ.ला सांगू शकतो, झालं काम.

दिवसभर हे स्वतःला समजावलं. दादानेही समारंभाचा विषय काढला नव्हता. गप्प बसणारी माणसं आपल्याला मूर्ख वाटत आली, आपण बोलणारे म्हणून.

१ एप्रिल

पहिली फेरी सव्वासातला. तेवीस माणसं चढली. दप्तरं, डबे, एका बाईच्या मांडीवर अंड्यांची टोपली, एक आजोबा दवाखान्याचे कागद छातीशी धरून. फुंक्या इंजिनापाशी. वहिनी सुकाणूवर, दादाचा शर्ट अंगात, बाह्या वर दुमडलेल्या. पुढचा दोर माझ्याकडे दिला होता. इंजिन सुरू झालं. वहिनींनी मला मानेने खूण केली.

दोराच्या गाठीवर माझा हात होता. गाठ सोडवण्याऐवजी मी उभा राहिलो. इंजिनाच्या आवाजात हळू बोलून चालण्यासारखं नव्हतं. मी ओरडलो, "वहिनी, ती नळी मी लांब केली होती! तुम्ही नको म्हणालात तरी! त्या दिवशी लाँच बंद पडली ती माझ्यामुळे!"

तेवीस माणसं माझ्याकडे वळली. अंडीवाल्या बाईने टोपली जवळ ओढली. फुंक्याने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

वहिनी म्हणाल्या, "माहीत आहे, भाऊजी. दोर सोडा, लोकांना उशीर होतोय."

मी दोर सोडला. मध्यावर लाट लागली तेव्हा मी श्वास धरून इंजिन ऐकत होतो. काही झालं नाही. लाँच पलीकडे लागली, माणसं उतरली आणि आपापल्या वाटेने गेली. आजोबांनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

परतीच्या फेरीला वेळ होता. वहिनींनी थर्मास उघडला आणि मला कप दिला. म्हणाल्या, "ह्यांनीसुद्धा पहिल्यांदा तळापर्यंतच लावली होती."

"काय सांगताय?"

"हो ना. तुमच्यासारखंच म्हणणं त्यांचं. वर ठेवली तर डिझेल वाया जातं. तिसऱ्याच दिवशी भर पाण्यात बंद. वीस माणसं होती आत. त्यानंतर कापली चार बोटं."

दादा चुकला होता. एवढी वर्षं तो कुठे चुकला हेच मी शोधत आलो, आणि आता ऐकून मला काही आनंद झाला नाही. मी विचारलं, "मग चूक आपली, हे तुम्हाला कधी सांगितलं त्याने?"

"कधी म्हणजे? तेव्हाच. नांगर टाकायच्या आधी."

मी कप दोन्ही हातांनी धरला. मला पाच दिवस लागले. आणि आम्हा दोघा भावांत शिकलेला मी.